निजामकाळातल्या तुरुंगवासाची नोंद कुठं शोधायची, नक्कल कशी मिळवायची?

तेरणाकाठची:
मंडळी नमस्कार. बरेच महिने या प्रश्नाभोवती फिरतेय, आज सविस्तर मांडते.

आमचं आजोळ निलंगा तालुक्यात, तेरणेच्या काठाला. आजोबा, म्हणजे आईचे वडील, हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंगात होते. आजी सांगायची, "दिवाळी सरली व्हती, पणत्या अजून कोनाड्यातच व्हत्या, अन् पोलीस दारात." पोलीस ॲक्शन, म्हणजे भारतीय फौजेची कारवाई झाल्यावर, पुढच्या दिवाळीच्या आत ते घरी आले. तुरुंगाबद्दल आजीला एवढंच ठाऊक, "गुलबर्ग्याला नेलं व्हतं." १९८१ मध्ये आजोबांनी स्वातंत्र्यसैनिक पेन्शनचा अर्ज केला. तुरुंगवासाचा पुरावा नाही म्हणून तो नामंजूर झाला. त्यानंतर त्यांनी घरात तो विषय कुणाला काढू दिला नाही.

आता आजोबा नाहीत, आजी नाही. पेन्शनशी माझा संबंध नाही. आईची एकच इच्छा आहे, वडिलांचं नाव त्या कागदावर बघायची. ती ७४ वर्षांची आहे.

मी दोन कार्यालयांत जाऊन आले. एकीकडं म्हणाले, इतकं जुनं आमच्याकडं नसतं. दुसरीकडं विचारलं, वर्ष कोणतं, नंबर कोणता? नंबर माझ्याकडं नाही, तोच तर शोधायचाय. सुरुवात कुठून करू? ज्यांनी असे कागद काढलेत त्यांनी कृपया सांगा.

ज्वारीची_भाकर:
ताई, सोडू नका. आमच्या चुलत्याच्या जमिनीचा एक कागद दोन वर्षांनी हाती लागला. "सरकारी काम अन् सहा महिने थांब" म्हणतात, पण थांबलं की सापडतं, हे मी डोळ्यानं बघितलंय.

उदगीरकर:
पहिली गाठ इथंच सोडवा. निलंगा तेव्हा लातूर जिल्ह्यात नव्हता, उस्मानाबादेतही नव्हता. निजामाच्या काळात निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तिन्ही तालुके बिदर जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा ते उस्मानाबादला जोडले आणि १५ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात आले. म्हणजे तुमच्या आजोबांची अटक बिदर जिल्ह्यातली, पेन्शनचा अर्ज उस्मानाबाद जिल्ह्यातला, आणि तुम्ही आज उभ्या आहात लातूर जिल्ह्यात. गाव जागचं हललं नाही, जिल्हे त्याच्यावरून सरकत गेले.

माझ्या आजोबांचा शाळेचा दाखला काढताना हे कळलं. चार महिने लातूर–उस्मानाबाद केलं, आणि हुकमाचा कागद निघाला बिदरच्या बाजूला.

तेरणाकाठची:
उदगीरकरदादा, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी "जिल्हा लातूर" असं लिहूनच सगळीकडं अर्ज दिलेत!

जुनं_दफ्तर:
मी महसूल खात्यात ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली ११ अभिलेख कक्षात, म्हणजे आपली रेकॉर्ड रूम. म्हणून जरा लांबण लावतो.

ताई, तुम्हाला "नंबर कोणता" असं विचारलं ते ऐकून वाईट वाटलं असेल, पण त्या प्रश्नात अर्थ आहे. आमच्या खोलीत भिंतभर घोडे, म्हणजे लाकडी मांडण्या, घोड्यांवर लाल कापडात बांधलेले बस्ते. बस्त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी, त्यावर तालुका, साल, विषय. कागद आत जाताना त्याचं आयुष्य ठरलेलं असतं. "अ" वर्गाचा कायम ठेवायचा, "ब" वर्गाचा ३० वर्षं, "क-१" १० वर्षं, "क" ५ वर्षं, "ड" एकच वर्ष. जमिनीचे हक्क, गावाचे नकाशे, मोठे निकाल हे "अ". त्यामुळं आधी ठरवायचं की आपला कागद कोणत्या वर्गात पडला असेल. "ड" मधला कागद १९८१ चा असेल तर तो शोधण्यात जन्म घालवू नका.

आता तुमची गोष्ट. तुमच्या आजोबांचा कागद एका ठिकाणी नसणार, तो निदान तीन ठिकाणी असेल. तुरुंगाच्या रजिस्टरात नाव. ज्या पोलिसांनी धरलं त्यांच्या वरच्या कार्यालयातला पत्रव्यवहार. आणि तिसरी जागा लोक विसरतात ती म्हणजे १९८१ चा पेन्शनचा अर्ज. नामंजूर अर्जाचीही संचिका असते. त्यात आजोबांनी स्वतः लिहिलेली हकीकत असेल, आणि महत्त्वाचं म्हणजे कार्यालयानं तुरुंगाला पाठवलेलं पत्र आणि तुरुंगाचं उत्तर असेल. कोणत्या तुरुंगाला विचारलं, काय विचारलं, ते त्यात कळेल. मी तुमच्या जागी असतो तर आधी ती संचिका काढली असती. लातूर जिल्हा झाला तेव्हा चालू संचिका याद्या करून तिकडं दिल्या, निकाली निघालेल्या पुष्कळ मूळ जागीच राहिल्या. म्हणून धाराशिवला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या स्वातंत्र्यसैनिकांचं काम बघणाऱ्या शाखेत विचारा, आणि लातुरातही विचारा.

पुण्यात_परभणीकर:
जुनं दफ्तर काका, "घोडे" शब्द कित्येक वर्षांनी ऐकला. आमचे आबा तलाठी होते, ते पण लाकडी मांडणीला घोडाच म्हणायचे.

बालाघाट_वकील:
काकांशी सहमत, एक भर घालतो. तोंडी विचारत बसू नका, माहितीच्या अधिकारात अर्ज द्या. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस. तीन कलमं पाठ करा. कलम ६(३): माहिती दुसऱ्या कार्यालयाकडं असेल तर ५ दिवसांत अर्ज तिकडं वर्ग करायचा, तुम्हाला परत पाठवायचं नाही. कलम ८(३): २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती असेल तर नकाराची बहुतेक कारणं गळून पडतात. कलम १९(१): उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील.

आणि अर्जात "माहिती द्या" एवढंच लिहू नका. "संचिका प्रत्यक्ष पाहू द्यावी" हेही लिहा. पाहणी हा तुमचा हक्क आहे.

जुनं_दफ्तर:
वकीलसाहेब, तुमचा मान राखून सांगतो, पहिल्याच दिवशी माहितीचा अधिकार काढू नये. समोरचा कारकून बिचकतो आणि "आढळून येत नाही" असं लेखी देऊन मोकळा होतो. एकदा ते लेखी दिलं की पुढं सापडलं तरी तो सांगत नाही, कारण आपलंच म्हणणं खोटं ठरतं. आधी साधा शोधाचा अर्ज द्या, माणसाशी बोला, बस्ता कुठला ते समजून घ्या. तिथं अडलं तर मग कायदा आहेच.

बालाघाट_वकील:
काका, तुमच्यासारखा माणूस समोर असेल तर तुमचं खरं. पण ताईंना आधीच दोन ठिकाणाहून तोंडी नकार आलाय. तोंडी नकारावर अपील करता येत नाही. लेखी नकार हाही कागदच असतो, तो घेऊन वर जाता येतं. बाकी जाऊन बसणं, बोलणं याला पर्याय नाही, हे मान्य.

सिंदफणा:
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. गावाला माहीत आहे, घरच्यांना माहीत आहे की आजोबा तुरुंगात होते. सरकारच्या कागदाची गरज कामून? ज्यांना त्यांचा अर्ज फेटाळायचा होता त्यांनी फेटाळला.

तेरणाकाठची:
सिंदफणा दादा, राग नाही. पण आजोबांच्या अर्जावर "पुरावा नाही" असा शेरा पडलाय. तोही सरकारी कागदच आहे, आणि आज तेवढा एकच कागद शिल्लक आहे. माझ्या नातवंडांना तेवढाच सापडू नये, असं मला वाटतं.

सिंदफणा:
हे पटलं. शोधाच तुम्ही.

शोधयात्री:
मी मुक्तिसंग्रामाच्या काळातल्या शाळांवर पीएच. डी. करतोय, त्यामुळं या फेऱ्या माझ्याही चालू आहेत.

निजाम सरकारच्या सचिवालयाचे कागद हैदराबादेतच राहिले. आज ते तेलंगणा राज्य पुराभिलेखागारात आहेत, तारनाक्याला, उस्मानिया विद्यापीठाच्या जवळ. बरेचसे फारसी आणि उर्दूत. औरंगाबादच्या किल्लेअर्कातले मुघल काळातले कागदसुद्धा पूर्वीच तिकडं गेलेत, हे मला तिथं गेल्यावर कळलं आणि वाचनकक्षात बसून डोळे भरून आले. आपल्या शहराचा तीनशे वर्षांपूर्वीचा रोजचा व्यवहार बघायला आपण रात्रीच्या गाडीनं हैदराबादला जातो.

जाताना ओळखपत्र, फोटो, विषय सांगणारा अर्ज आणि मिळालं तर एखाद्या संस्थेचं किंवा प्राध्यापकांचं पत्र ठेवा. पेन आत नेऊ देत नाहीत, शिसपेन्सिल न्या. आधी सूची बघायची, त्यातून विभाग, साल आणि मिसलीचा नंबर टिपायचा, मग मागणीची चिठ्ठी भरायची. मिसल म्हणजे फाइल. पहिल्या दिवशी काहीच हाती येत नाही, हे धरूनच जा. निदान तीन दिवस मुक्काम ठेवा. प्रत पाहिजे असेल तर पानांचे नंबर लिहून वेगळा अर्ज करावा लागतो, फोटोही परवानगी घेऊनच.

आपल्या बाजूला महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. मुख्य कार्यालय मुंबईत, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत. आणि घरबसल्या एक करा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं "अभिलेख पटल" नावाचं संकेतस्थळ आहे, नावनोंदणी फुकट. हैदराबाद रेसिडेन्सीचे, म्हणजे निजामाकडच्या इंग्रजांच्या कचेरीचे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. तिथं आजोबांचं नाव सापडायची शक्यता कमी, पण तुमच्या भागात त्या महिन्यांत काय चाललं होतं ते हाती लागू शकतं.

शाहगंजवाला:
मी ३० वर्षं उर्दू शाळेत शिकवलं. ताई आजोबांचं नाव शोधायला निघाल्यात. कोणतं नाव शोधणार? निजामाच्या दफ्तरात आडनाव सहसा नसतं. नोंद अशी असते: अमुक वल्द तमुक, उमर इतकी, पेशा काश्तकार, साकिन मौजे अमुक. वल्द म्हणजे मुलगा, काश्तकार म्हणजे शेतकरी, साकिन म्हणजे राहणार. आडनावावरून शोधाल तर माणूस डोळ्यासमोर असूनही दिसणार नाही. आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव आणि गाव, हे तीन शब्द घेऊन शोधा.

दुसरं, कारकुनांचं अक्षर शिकस्ता असतं. घाईत लिहिलेलं, नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपके गाळलेलं. बे, पे, ते या तिन्ही अक्षरांचा सांगाडा एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. नुक्ते गेले की "प" चा "ब" होतो आणि गावाचं नाव बदलतं. ट आणि ड वरची खूणही पुष्कळदा नसते. आकडेसुद्धा साधे नसतात, रकमेची वेगळी लिपी असते. फोटो मिळाला तर इथं टाका, मी वाचून देईन. पैशाचा विषय काढायचा नाही.

मन्याड:
सरांनी माझ्या पणजोबांचा मुन्तखब वाचून दिला होता, इनामाचा निकाल. तीन जणांनी "वाचता येत नाही" म्हणून परत दिलेला कागद. सर, तुमची आठवण काढतो आम्ही घरात.

दुधनाकाठ:
जरा विषयांतर करतो. १९५४-५५ चा खासरा, म्हणजे जमिनीचा जुना उतारा, मिळंना. तहसीलमध्ये सर्व्हे नंबर विचारतात, माझ्याकडं गट नंबर आहे. एक जण म्हणतो पाच हजारात आणून देतो. देऊ का?

जुनं_दफ्तर:
देऊ नका! हात जोडून सांगतो. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि रेकॉर्ड रूमबाहेर माणसांची रीघ लागली. त्या गर्दीत असे आणून देणारेही उभे राहिले. माझ्या ओळखीतल्या एकानं विकत घेतलेली नक्कल पडताळणीत खोटी निघाली. शिक्का हुबेहूब होता, पण नकलेच्या नोंदवहीत तो अर्जच नव्हता. आता खरा कागद काढला तरी त्याच्याकडं संशयानं बघतात.

खऱ्या नकलेच्या पायथ्याशी तीन तारखा बघायच्या: अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. आणि लिहिणाऱ्याची, रुजवात घेणाऱ्याची सही. रुजवात म्हणजे एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवत जायचं. मी हजारो केल्यात.

तुमच्या गटाचा सर्व्हे नंबर एकत्रीकरणाच्या उताऱ्यावर मिळेल, भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात. तो हाती आला की तहसीलला खासरा मागा. त्याआधी सरकारच्या "आपले अभिलेख" संकेतस्थळावर तुमचा तालुका आहे का बघा, जुने उतारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवलेत.

दुधनाकाठ:
नाही देत मग. काका, अजून एक. एका जुन्या पावतीवर सारा १४ रुपये आणि दुसऱ्या कागदावर त्याच रानाचा १२. कोणता खरा?

जुनं_दफ्तर:
दोन्ही खरे असतील. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार. सात हालीला सहा कलदार. १४ हालीचे बरोबर १२ कलदार होतात.

दुधनाकाठ:
अरे देवा! भावाभावात यावरून दोन वर्षं बोलणं नाही. आज फोन करतो त्याला.

अंबाजोगाईची_सून:
माझीही एक अडचण अशीच सुटली होती. जुन्या कागदात अंबाजोगाई शोधत होते, कुठंच नाही. मग सासऱ्यांनी सांगितलं, निजामाच्या दफ्तरात आपल्या गावाचं नाव मोमिनाबाद. त्या नावानं शोधलं आणि ढीग निघाला.

नळदुर्गी:
आमचंही तेच. उस्मानाबाद जिल्ह्याला पूर्वी नळदुर्ग जिल्हा म्हणत. एकोणिसाव्या शतकातलं काही शोधायचं तर आमच्या गावाच्या नावानं शोधावं लागतं.

ज्वारीची_भाकर:
वंशावळीसाठी कुणी हेळव्यांना विचारलं का? आमच्या औसा भागात बैल घेऊन यायचे. बारा पिढ्यांची नावं घडाघडा म्हणायचे, वहीतही असायची. आजीनं त्यांना पायली भरून ज्वारी दिल्याशिवाय कधी जाऊ दिलं नाही.

बालाघाट_वकील:
हेळव्यांच्या वह्या, त्र्यंबकेश्वर-पैठणच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या, यांचा नावं जुळवायला फार उपयोग होतो. कोर्टात मात्र त्याच्या जोडीला सरकारी नोंद लागतेच.

आणि ताईंसाठी हे नीट सांगतो. माहितीच्या अधिकारात मिळालेली झेरॉक्स आणि प्रमाणित प्रत यांत फरक आहे. प्रमाणित प्रतीचा आधार म्हणजे पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम ७६, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ७५. ज्याच्या ताब्यात कागद आहे त्या अधिकाऱ्यानं खाली "खरी प्रत" असं प्रमाणपत्र लिहायचं, तारीख, सही, नाव, हुद्दा आणि शिक्का. माहितीच्या अधिकारानं कागद कुठं आहे ते शोधा, आणि सापडला की त्याच कार्यालयात नकलेचा वेगळा अर्ज देऊन प्रमाणित प्रत घ्या. नाहीच सापडला तर "अभिलेख उपलब्ध नाही" असा दाखला मागा. पेन्शनच्या कामात अशा दाखल्याला सहकैद्याचं प्रमाणपत्र जोडायची रीत होती, त्यामुळं गावातल्या दुसऱ्या कुणाच्या मंजूर संचिकेत तुमच्या आजोबांचं नाव साक्षीत आलेलं असू शकतं. तेही बघा.

तेरणाकाठची:
तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचं ऐकून आधी साधा अर्ज दिला, दोनदा जाऊन बसले, मग माहितीचा अधिकार. काका आणि वकीलदादा, तुम्ही दोघंही बरोबर निघालात. संचिका मिळाली!

सुतळीनं बांधलेली, कडा कुरतडलेल्या, चौदा पानं. आजोबांचं अक्षर मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी लिहिलंय, "मला प्रथम बिदरास ठेवले व नंतर गुलबर्गा येथे हलविले." आजीला फक्त नंतरचा तुरुंग माहीत होता. आणि आत ते पत्र आहे. कार्यालयानं तुरुंगाला विचारलं होतं ते असं: अमुक आडनावाचे इसम, जिल्हा उस्मानाबाद, सन १९४८ मध्ये आपल्याकडे होते काय? उत्तर एका ओळीचं: सदर नावाची नोंद आढळून येत नाही.

शाहगंजवाला:
बघा. आडनाव लिहिलं जे रजिस्टरात नव्हतं. जिल्हा लिहिला जो तेव्हा त्यांचा नव्हता. आणि साल लिहिलं १९४८, रजिस्टर मात्र फसली सालाचं, म्हणजे निजामाच्या दफ्तरातल्या वर्षाचं. उत्तर देणाऱ्यानं खोटं लिहिलं नाही, त्याला प्रश्नच चुकीचा गेला.

आजी म्हणाल्या दिवाळीनंतर, म्हणजे १९४७ ची दिवाळी, नोव्हेंबर. हैदराबादचं फसली साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं. पहिला महिना आजूर, दुसरा दै. फसली सालात ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० मिळवायचे, पुढच्या महिन्यांसाठी ५९१. आजोबांची अटक १३५७ फसलीच्या दै महिन्यातली असणार. सुटका पोलीस ॲक्शननंतर, सप्टेंबर १९४८, तोही १३५७, शेवटचा महिना आबान. म्हणजे आत जाणं आणि बाहेर येणं एकाच रजिस्टरात असू शकतं. असा अर्ज लिहा: नाव वल्द वडिलांचं नाव, साकिन मौजे अमुक, तालुका निलंगा, जिल्हा बिदर, दै १३५७ ते आबान १३५७.

तेरणाकाठची:
सर, हेच शब्द लिहून उद्या दोन्ही ठिकाणी पाठवते. बिदर-गुलबर्गा आता कर्नाटकात येतं, म्हणून तिकडच्या नियमाप्रमाणे फी पाठवायची ना?

बालाघाट_वकील:
हो, त्या राज्याच्या नियमाप्रमाणे. आणि अर्जाला संचिकेतल्या आजोबांच्या हस्तलिखित पानाची प्रत जोडा. वाचणाऱ्याला माणूस दिसला की तो दोन बस्ते जास्त सोडतो.

उदगीरकर:
बिदरला जाणार असाल तर सांगा, माझे मेहुणे तिथं आहेत. जेवायला घरी.

मन्याड:
धागा वर आणतोय. ताई, काही कळलं का?

तेरणाकाठची:
मुद्दाम आज लिहितेय, काल नक्कल हातात आली.

कोणत्या कार्यालयात सापडली ते लिहीत नाही, कारण तिथल्या बाईंनी जेवणाची सुट्टी सोडून मदत केली आणि त्यांना त्रास व्हायला नको. मी आईला घेऊन गेले होते. उदगीरकरदादांच्या मेहुण्यांकडं मुक्काम केला, त्यांच्या घरच्यांनी आईला दोन दिवस लेकीसारखं सांभाळलं.

रजिस्टर एवढं मोठं की दोघांनी उचलून टेबलावर ठेवलं. पानं तपकिरी, मधोमध वाळवीचं एक भोक, जे पन्नासेक पानांतून आरपार गेलंय. त्या बाईंना उर्दू येत नव्हतं, मलाही नाही. शाहगंजवाल्या सरांनी आजोबांचं आणि पणजोबांचं नाव उर्दूत मोठ्या अक्षरात लिहून पाठवलं होतं. तो कागद पानाशेजारी धरून ओळ ओळ खाली येत गेलो. दुपारी पावणेतीनच्या सुमारास बाईंचं बोट थांबलं. फोटो काढायची परवानगी मिळाली, तिथूनच सरांना पाठवला, आणि सरांनी फोनवर वाचून दाखवलं. फोन टेबलावर, आई खुर्चीत.

आजोबांचं नाव, वल्द पणजोबांचं नाव. उमर २२. पेशा काश्तकार. साकिन, आमचं गाव. तालुका निलंगा, जिल्हा बिदर. दाखल २४ दै १३५७. पुढच्या रकान्यात गुलबर्ग्याला रवाना. आणि शेवटच्या रकान्यात ओळख: डाव्या भुवईवर जखमेचा व्रण.

आई एकदम म्हणाली, "सर, ते परत वाचा." सरांनी परत वाचलं. ती लहान असताना आजोबांच्या मांडीवर बसून त्या व्रणावरून बोट फिरवायची. ते सांगायचे, बैलानं शिंग मारलं. ही गोष्ट मी इथं लिहिली नव्हती, सरांना सांगितली नव्हती, आईनं मलाही कधी सांगितली नव्हती.

प्रमाणित प्रत टपालानं आली. खाली सही, हुद्दा, गोल शिक्का. आईनं ती देवघरात ठेवलीय. आता गुलबर्ग्याचं रजिस्टर बघायचंय, पण ते सावकाश.

सिंदफणा:
ताई, मी तेव्हा "गरज कामून" असं विचारलं होतं. आज माझ्या चुलत आजोबांचं नाव, वडिलांचं नाव आणि गाव कागदावर लिहून काढलं. गाव गेवराईचं, ते बीडमध्येच होतं ना तेव्हा?

उदगीरकर:
हो दादा, बीडच. तुमचं काम एका पायरीनं सोपं.

शाहगंजवाला:
उर्दूत लिहून पाठवतो. निरोपात नावं द्या, इथं नको.

जुनं_दफ्तर:
तेरणाकाठची ताई, फार बरं वाटलं. दोन कामं आजच करा. त्या प्रतीचं चांगलं स्कॅन काढून दोन-तीन जागी ठेवा, आणि रजिस्टरचा, पानाचा, ओळीचा नंबर वेगळ्या वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढं कुणालाही तीच नक्कल पुन्हा मागता येईल. आणि कुणी कितीही सांगितलं तरी तो कागद लॅमिनेट करू नका. प्लॅस्टिकमध्ये चिकटला की पुन्हा सुटत नाही. धुतलेल्या सुती कापडात, उदबत्तीच्या धुरापासून आणि तेलापासून जरा लांब. देवघरात ठेवायचाच असेल तर वरच्या फळीवर.

तेरणाकाठची:
काका, आईला वाचून दाखवलं. तिनं लगेच जागा बदलली. आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता, त्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलाय.